बाटली तिथेच, लेबल खिशात!

ऑनसाइटवरून परतलेल्या माणसाच्या बॅगेत काय असतं, हे आता अख्ख्या ऑफिसला पाठ झालंय. टीमसाठी चॉकलेटं, बॉससाठी ड्यूटी फ्रीमधली बाटली, नातेवाइकांसाठी फ्रिज मॅग्नेट्स आणि स्वतःसाठी सेलमध्ये पटकावलेलं जॅकेट. पण काही महाभागांच्या बॅगेत याशिवाय एक जाडजूड पुस्तकही सापडतं. ते वाचायला घेतलेलं नसतं. त्याच्या पानापानांत टिश्यू पेपर असतो आणि टिश्यू पेपरमध्ये असतात बिअरच्या बाटल्यांवरून अलगद सोडवलेली लेबलं!

हिंजवडीत टेस्टिंगमध्ये काम करणारा माझा एक मित्र याच जमातीतला. त्याच्याकडे तीन फाइली भरून लेबलं आहेत. त्याच्या आईचं दुःख मात्र वेगळंच आहे. "पोस्टाची तिकिटं जमवायचास, तेव्हा आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे रे," त्या म्हणतात. "आता पाहुणे आले की फाइल कपाटात लपवावी लागते."

काकूंची अडचण अगदी मान्य. पण हा छंद पिणाऱ्यांपेक्षा फिरणाऱ्यांचा जास्त आहे. कारण लेबल म्हणजे शेवटी एक पत्ता असतो. अमुक गावातल्या, अमुक साली सुरू झालेल्या ब्रूअरीत ही बिअर बनली, असं ते सांगतं. आता ते गाव खरंच आहे का, ब्रूअरी अजून चालू आहे का, की नुसतं नावच उरलंय, हे कळायला त्या पत्त्यावर जाऊन बघावं लागतं. खरी मजा तिथेच आहे, बॉस!

छंदाला नाव मोठं

बिअरची लेबलं जमवणाऱ्यांना इंग्रजीत 'लेबॉलॉजिस्ट' म्हणतात. ग्लासखालचे कोस्टर जमवणाऱ्यांसाठी तर आणखी भारी शब्द आहे, 'टेजेस्टॉलॉजिस्ट'. लॅटिनमध्ये 'टेजेस' म्हणजे चटई, त्यावरून आला तो. ब्रिटनमध्ये लेबॉलॉजिस्ट लोकांची सोसायटी १९५८ मध्येच निघाली. पूर्वी ही मंडळी जगभरातल्या ब्रूअऱ्यांना पत्रं पाठवायची, सोबत आपला पत्ता लिहिलेलं पाकीट जोडायची आणि पोस्टमनची वाट बघत बसायची. आता विमानाची तिकिटं आवाक्यात आली आहेत आणि कंपनी अधूनमधून स्वतःच्या खर्चानं पाठवतेय. मग पाकीट कशाला, स्वतःच जाऊ या की!

एक शब्द मात्र आधी शिकून घ्या. लेबलला फ्रेंचमध्ये म्हणतात 'एतिकेत', जर्मनमध्ये 'एटिकेट' आणि चेकमध्ये 'एतिकेता'. आपण ज्याला एटिकेट्स म्हणतो, तो शब्दही याच फ्रेंच शब्दावरून आलाय. तेव्हा युरोपातल्या ब्रूअरीत लेबल मागताना एटिकेट्स पाळणं मस्टच!

लाल त्रिकोण आणि एक वीणा

या छंदातला सगळ्यात मानाचा तुकडा कोणता? माझं मत बासच्या लाल त्रिकोणाला. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातल्या ब्रूअऱ्या १८२० च्या दशकापासून हिंदुस्थानात बिअर पाठवायला लागल्या. इथल्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजानं येणारी ती पेल एल. आज पबमध्ये आपण ज्याला 'इंडिया पेल एल' किंवा आयपीए म्हणून ऑर्डर करतो, तिचं नाव त्या समुद्रप्रवासातून आलं. बास ही त्यातली बडी कंपनी.

ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कच्या नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली. पहिल्या नंबरवर नोंदला गेला तो बासचा लाल त्रिकोण. त्यासाठी कंपनीचा माणूस आदल्या रात्रीपासून ऑफिसच्या दारात उभा होता, असं सांगतात. सिनेमाच्या फर्स्ट डे फर्स्ट शोला आपण उभे राहायचो, तसाच!

हे लेबल बघायला बर्टनलाच जायला हवं असं नाही. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं १८८२ मधलं एक प्रसिद्ध चित्र आहे. पॅरिसच्या 'फॉली बर्जेर'मधला बार आणि काउंटरमागे उभी असलेली, कुठेतरी हरवलेली एक मुलगी. सगळे तिचा चेहरा बघतात. लेबलवाले मात्र काउंटरवरच्या बाटल्या बघतात, कारण तिथे तोच लाल त्रिकोण आहे. चित्रकारानं नाव लिहिलेलं नाही, तरी दीडशे वर्षांनंतर आपल्याला ब्रँड ओळखता येतो. अॅड एजन्सीतल्या मित्रमंडळींनी यावर एक मिनिट मौन पाळावं!

आयर्लंडच्या गिनेसची गोष्टही अशीच. त्यांच्या लेबलवर वीणेसारखं दिसणारं हार्प आलं १८६२ मध्ये आणि १८७६ मध्ये त्याचा ट्रेडमार्क झाला. पुढे आयर्लंड स्वतंत्र झाला. नव्या देशालाही राजचिन्ह म्हणून हार्पच हवं होतं, पण ते आधीच एका बिअरच्या नावावर. मग देशानं काय केलं? हार्पचं तोंड उलट्या बाजूला केलं! आयरिश युरोचं नाणं आणि गिनेसचं लेबल शेजारी शेजारी ठेवून बघा.

जुनी गिनेस लेबलं जमवणाऱ्यांना आणखी एक लॉटरी लागते. त्या काळी डब्लिनहून बिअर पिंपात भरून निघायची आणि गावोगावचे व्यापारी ती बाटल्यांत भरायचे. लेबल कंपनीच पुरवायची, पण खाली त्या त्या व्यापाऱ्याचं नाव आणि गाव छापलेलं असायचं. म्हणजे बिअर एकच आणि लेबलं हजारो. एखाद्या खेड्यातलं दुकान कधीच बंद पडलेलं असतं, पण त्याचं नाव तीन इंची कागदावर टिकून असतं.

लेबलवरचं गेट, समोरचं गेट

पिल्झेन हे चेक प्रजासत्ताकातलं शहर प्रागहून ट्रेननं साधारण दीड तासावर. पिल्सनर उर्केल जिथे बनते, त्या ब्रूअरीच्या दारात तुम्ही उभे राहता आणि एकदम काहीतरी ओळखीचं वाटतं. दोन कमानींचं दगडी गेट! हे आपण कुठे बघितलंय? अहो, लेबलवर! ब्रूअरीला पन्नास वर्षं झाली म्हणून १८९२ मध्ये हे गेट बांधलं आणि तेच लेबलवर आलं. हातात लेबल धरून त्या गेटसमोर फोटो काढणं हा लेबलवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो.

आतली गोष्ट त्याहून फिल्मी आहे. १८३८ मध्ये पिल्झेनच्या लोकांना गावातली बिअर इतकी वाईट वाटली, की त्यांनी ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग गावानं मिळून नवी ब्रूअरी काढली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला. ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याची पहिली बिअर तयार झाली. सोनेरी आणि आरपार दिसणारी. आज जगात जिथे जिथे 'पिल्सनर' हा शब्द दिसतो, तो या गावाच्या नावावरून आलाय. नक्कल करणारे एवढे वाढले, की शेवटी मूळ ब्रूअरीला लेबलवर 'उर्केल' लिहावं लागलं. उर्केल म्हणजे मूळ झरा. आपल्याकडे 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी लावतात ना, तसंच हे!

टूरमध्ये तुम्हाला जमिनीखालच्या तळघरांत नेतात. दगडात खोदलेले हे बोगदे सगळे मिळून सुमारे ९ किलोमीटर भरतात. जून महिन्यातही तिथे स्वेटर लागतो. शेवटी लाकडी पिंपातून न गाळलेली बिअर थेट ग्लासात मिळते. ही बाटलीत मिळत नाही, त्यामुळे हिचं लेबलही नाही. काही गोष्टी फाइलमध्ये लावता येत नाहीत, हे पटवायला ती चव पुरेशी आहे. ब्रूअरीचे मालक बदललेत, २०१७ पासून ती जपानच्या असाहीकडे आहे. पण पत्ता तोच आहे आणि गेटही तेच.

चेकमध्येच दक्षिणेला चेस्के बुद्येयोविचे नावाचं शहर आहे. उच्चार करताना जिभेला गाठ बसत असेल, तर जर्मन नाव घ्या, बुडवाइस. बुडवाइसची ती बुडवाइजर. पण अमेरिकेतल्या कंपनीनं १८७६ मध्येच या नावानं बिअर काढली आणि बुडवाइसमधली बुडवार ब्रूअरी सुरू झाली १८९५ मध्ये. नाव कुणाचं, यावर दोघांमध्ये शंभरहून जास्त वर्षं देशोदेशीच्या कोर्टांत केसेस चालल्या. त्यामुळे झालंय काय, की हीच चेक बिअर अमेरिकेत 'चेकवार' या नावानं विकली जाते आणि युरोपातल्या अनेक देशांत अमेरिकन बुडवाइजर नुसतीच 'बड' होते. वकिलांनी फिया घेतल्या, लेबलवाल्यांना व्हरायटी मिळाली!

कोळिष्टकं झाडू नका

ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनपासून पंधरा मिनिटं चाललं की कांतियॉ ब्रूअरी लागते. १९०० मध्ये सुरू झालेली, एका कुटुंबानं चालवलेली. १९७८ मध्ये त्यांनी ब्रूअरीचंच म्युझियम करून टाकलं, पण बिअर बनणं थांबलं नाही. हातात माहितीचा कागद घेऊन तुम्ही आपले आपण फिरायचं.

इथली लॅम्बिक बिअर बनवताना यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या दिवसांत उकळलेला काढा वर पोटमाळ्यावर एका उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतलं यीस्ट आपण होऊन त्यात उतरतं. आपल्या घरचं इडलीचं पीठ रात्रीत कसं फुगतं? तोच प्रकार. मग लाकडी पिंपांत वर्ष-दोन वर्ष-तीन वर्षं मुरवायची आणि वेगवेगळ्या वयाच्या बिअर मिसळून 'गूझ' बनवायची. चव आंबट, पहिल्या घोटाला डोळे मिटतात. ब्रूअरीतली कोळिष्टकंही मुद्दाम काढत नाहीत, कारण कोळी उन्हाळ्यात फळांवर येणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त करतात. आपल्या आयांनी ही ब्रूअरी बघितली, तर पहिल्यांदा झाडूच मागतील!

बेल्जियममध्येच लेबलवाल्यांची परीक्षा बघणारी एक जागा आहे. वेस्टफ्लेटेरनच्या मठातले साधू स्वतः बिअर बनवतात आणि मठाचा खर्च भागेल एवढीच विकतात. जगातल्या उत्तमातल्या उत्तम बिअरमध्ये तिचं नाव घेतलं जातं आणि वर्षानुवर्षं तिच्या बाटलीवर लेबलच नव्हतं! सगळी माहिती झाकणावर. तिथे गेलेले लेबलवाले झाकणं खिशात घालून, जरा खट्टू होऊन परततात.

पण माझी आवडती बेल्जियन गोष्ट होगार्डनची. आपल्याकडच्या पबमध्ये ती ढगाळ पांढरी बिअर पाहिली असेल. होगार्डन हे गावाचं नाव. गहू, धणे आणि संत्र्याची साल घालून बिअर बनवायची तिथली शेकडो वर्षांची पद्धत, पण १९५० च्या दशकात गावातली शेवटची ब्रूअरी बंद पडली. पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं तरुणपणी तिथे हाताखाली काम केलं होतं. त्यानं १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा सुरू केली. १९८५ मध्ये ब्रूअरीला आग लागली, पैसा उभा करताना मोठी कंपनी आली आणि हळूहळू सगळं तिच्या हातात गेलं. सेलिसनं थेट टेक्सासमधलं ऑस्टिन गाठून १९९२ मध्ये नवी ब्रूअरी काढली.

क्लायमॅक्स पुढे आहे. २००५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की होगार्डनची ब्रूअरी बंद करून बिअर दुसऱ्या गावच्या मोठ्या प्लँटमध्ये बनवणार. एक्सेलशीटवर ते बरोबरच दिसत असणार. पण गाव रस्त्यावर उतरलं. शिवाय नव्या प्लँटमध्ये ती चवही जमेना. शेवटी २००७ मध्ये कंपनीनं निर्णय फिरवला आणि होगार्डन होगार्डनमध्येच राहिली. लेबलवरचा पत्ता खोटा होता होता वाचला, तो असा!

आपल्या ओळखीचं काहीबाही

कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या जुन्या ब्रूअरीच्या दारात चार दगडी हत्ती उभे आहेत. १९०१ मध्ये बांधलेलं हे एलिफंट गेट. जवळ जाऊन बघितलं की आपण दचकतो, कारण हत्तींवर स्वस्तिक कोरलंय! शुभचिन्ह म्हणून कार्ल्सबर्ग ते वापरायची आणि जुन्या लेबलांवरही ते असायचं. जर्मनीत हिटलर आल्यावर त्या चिन्हाचा अर्थच बदलला आणि १९३० च्या दशकात कंपनीनं ते बाटलीवरून काढलं. दगडातलं मात्र तसंच राहिलं. दारावर स्वस्तिक काढणाऱ्या घरातून गेलेल्या माणसाला तिथे उभं राहून जे वाटतं, ते शेजारच्या युरोपियन टूरिस्टला समजावणं कठीण असतं.

बँकॉकला तर सगळेच जातात. तिथल्या सिंघा बिअरच्या लेबलवरचा प्राणी नीट बघा. सिंघा म्हणजे आपला सिंहच, संस्कृतातून गेलेला. बाटलीच्या मानेवर गरुड आहे, तो थायलंडच्या राजघराण्याचा. कंपनी १९३३ मधली, थायलंडमधली पहिली ब्रूअरी.

जपानी लेबलं म्हणजे तर चक्क कोडी. किरीन बिअरच्या लेबलवर एक काल्पनिक प्राणी धावतोय. त्याच्या आयाळीच्या आणि शेपटीच्या रेषांत 'कि', 'री', 'न' ही तीन जपानी अक्षरं दडवली आहेत. शोधत बसा! येबिसु बिअरवर येबिसु हा सुदैवाचा देव आहे, काखेत मोठा मासा घेतलेला. पण शेकडो बाटल्यांमागे एखादं लेबल असं निघतं, की त्यात देवाच्या मागच्या टोपलीतही एक मासा डोकावतो. हे 'लकी येबिसु'. ते सापडलं की टेबलवरचे सगळे ओरडतात.

या येबिसुमध्ये पत्त्याची गंमत उलटी आहे. टोकियोत १८९० मध्ये ही बिअर सुरू झाली. ती वाहून न्यायला १९०१ मध्ये रेल्वे स्टेशन झालं, त्याला बिअरचं नाव दिलं आणि मग अख्खा भागच एबिसु झाला. म्हणजे गावावरून लेबल नाही, लेबलवरून गाव! १९८८ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि नाव तेवढं उरलं. २०२४ मध्ये तिथेच छोटी ब्रूअरी आणि म्युझियम सुरू करून कंपनीनं बिअर पुन्हा मूळ पत्त्यावर आणली.

पत्ता हरवतो तेव्हा

सगळ्यांचं नशीब असं नसतं. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रूअरी घ्या. मुळं १८९६ पर्यंत जाणारी. १९६५ मध्ये ती बंद पडायला आली होती, तेव्हा फ्रिट्झ मेटॅग या तरुणानं विकत घेऊन वाचवली. अमेरिकेत छोट्या ब्रूअऱ्यांची जी लाट नंतर आली, तिची सुरुवात बरेच जण इथून मोजतात. बे एरियात राहणाऱ्या आपल्या मराठी पोरापोरींनी भारतातून आलेल्या मित्रांना गोल्डन गेट दाखवून झाल्यावर इथेही आणलेलं असेल.

लेबलवाल्यांसाठी तर अँकर म्हणजे पंढरी होती. १९७५ पासून दर वर्षी त्यांची ख्रिसमस एल यायची आणि दर वर्षी लेबलवर नवं झाड असायचं. जिम स्टिट या चित्रकारानं कित्येक दशकं ही झाडं हातानं काढली. रेसिपीही दर वर्षी वेगळी आणि गुप्त. लोक वर्षावर्षांची लेबलं ओळीनं लावून ठेवायचे. मुलगा जन्मला त्या वर्षीचं झाड, घर घेतलं त्या वर्षीचं झाड.

२०१७ मध्ये जपानच्या सप्पोरोनं अँकर विकत घेतली. २०२१ मध्ये जुनी हातानं काढलेली लेबलं बदलून चकचकीत नवं डिझाइन आणलं. चाहते भडकले. "सुपरमार्केटच्या शेल्फवर उठून दिसावं" हे कंपन्यांचं नेहमीचं लॉजिक, पण ज्यांनी आयुष्यभर ते जुनं लेबल बघितलं होतं, त्यांना आपल्या गल्लीचं नाव बदलल्यासारखं वाटलं. जुलै २०२३ मध्ये ब्रूअरी बंद करत असल्याची घोषणा झाली. २०२४ मध्ये चोबानी या दही विकणाऱ्या कंपनीचे मालक हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली, तेव्हा चाहत्यांना जरा धीर आला. पण झाडांची ती सलग रांग तुटली ती तुटलीच.

ज्यांच्याकडे ती लेबलं आहेत, त्यांच्याकडे आज नेमकं काय आहे? बाजारभाव विचाराल तर बहुतेक लेबलांना फारसा नाही. पण ब्रूअरी विकली जाते, डिझाइन बदलतं, वेबसाइट नवी होते आणि कंपनी स्वतःचाच इतिहास तीन ओळींत उरकते. जुना पत्ता, जुनी अक्षरं आणि त्या गावाचा अभिमान उरतो, तो कुणीतरी पुस्तकात दाबून ठेवलेल्या कागदावर. फेकून देण्यासाठीच छापलेला कागद शेवटी पुरावा होतो, यात या छंदाचं सगळं सार आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जायचं असेल तर आत्ता जा. बाटल्यांची जागा कॅन घेताहेत आणि कॅनवरून काही सोडवता येत नाही. कागदी लेबलांच्या जागी प्लॅस्टिकचे स्टिकर आले आहेत, काही ठिकाणी तर काचेवरच छपाई होते. पत्ता सोडवून घेऊन यायचे दिवस कमी होत चाललेत.

लेबलचं वय ओळखा

जुन्या बाजारात एखादं लेबल मिळालं तर ते कधीचं, हे शोधायला डिटेक्टिव्ह व्हावं लागतं. अमेरिकन लेबलवर 'इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड' असं लिहिलं असेल, तर ते दारूबंदी उठल्यानंतरचं, म्हणजे १९३३ ते १९५० मधलं. सरकारी इशारा छापलेला असेल, तर १९८९ च्या अखेरीस किंवा त्यानंतरचं. फ्रान्समध्ये गरोदर बाईचं चित्र आणि त्यावर फुली असेल, तर २००७ च्या आसपासचं किंवा नंतरचं. आपल्याकडे दारू आरोग्याला घातक असल्याचा आणि पिऊन गाडी चालवू नका असं सांगणारा आजचा इशारा २०१९ पासूनचा. बारकोड असेल तर ते फार जुनं नाही, हे तर कुणीही सांगेल.

करून बघायचंय? मग या टिप्स

१. आधी विचारा. लहान ब्रूअरीत कोरी लेबलं बऱ्याचदा हसत हसत देतात. मोठ्या ठिकाणी गिफ्ट शॉपमध्ये चौकशी करा.

२. कागदी लेबल कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून भिजवा. बिअरच्या कागदी लेबलांना बरेचदा दुधातल्या केसिनचा गोंद असतो. बाटली धुऊन पुन्हा वापरता यावी म्हणून तो सुटेल असाच बनवतात. ओढू नका, आपोआप सरकेल.

३. स्टिकरवालं असेल, तर रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरा. गोंद मऊ झाला की एका कोपऱ्यापासून सावकाश सोलायचं आणि बटर पेपरवर चिकटवायचं.

४. वाळवताना टिश्यू किंवा वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवा, वर जड पुस्तक. हॉटेलातला हेअर ड्रायर वापरलात तर लेबल पापडासारखं वळेल.

५. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख, गाव आणि सोबत कोण होतं ते लिहा. पाच वर्षांनी बिअरची चव आठवणार नाही, माणूस आठवेल.

६. भारतात परत येताना दारू ड्यूटी फ्री आणता येते ती दोनच लिटर. म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. लेबलांना मात्र लिमिट नाही आणि वजनही नाही.

७. सगळ्या बाटल्या एकट्यानं संपवायची गरज नसते. शेअर करा, शेजारच्या टेबलवरची रिकामी बाटली मागा. ब्रूअरीला ट्रेननं जा, गाडीनं नको. लेबलं जमवणारा माणूस सकाळी डोकं धरून बसला, तर पुढची ब्रूअरी कोण बघणार?

एक पान आपल्यासाठीही

आणि तिकीट काढायला अजून वेळ असेल, तर सुरुवात घरापासून करा. आपल्याकडे दारूचा कायदा राज्याराज्याचा वेगळा. लेबलला त्या त्या राज्याची मंजुरी लागते आणि ही बाटली अमुक राज्यातच विक्रीसाठी आहे, असं छापावं लागतं. त्यामुळे एकाच ब्रँडचं महाराष्ट्रातलं लेबल वेगळं, गोव्यातलं वेगळं आणि कर्नाटकातलं वेगळं. गिनेसच्या त्या गावोगावच्या व्यापाऱ्यांसारखीच ही गंमत. परदेशातल्या लेबलवाल्यांशी अदलाबदल करायला याहून चांगलं चलन नाही. पण त्यांना ती द्यायला आपल्याकडे कुणी जमवतंय का?

या शुक्रवारी संध्याकाळी बाटली समोर आली की एवढं करा. पुढचं मोठं नाव सोडा, बाटली फिरवा आणि मागचा बारीक अक्षरांतला पत्ता वाचा. समोर नाव असेल युरोपातल्या कुठल्यातरी शहराचं आणि मागे बऱ्याचदा निघेल छत्रपती संभाजीनगरजवळची एमआयडीसी. वाटलं तर हसा. पण लेबल फेकू नका.